स्नायूंच्या जुनाट दुखण्याची जागेवरील परीक्षा

वाळूज व आसपासच्या गावी कापूस वेचणाऱ्या बाया आणि उसाच्या मोळ्या वाहणारे गडी मान-खांद्याच्या दुखण्याने बेजार झालेले आपण पाहतो. खांदा चाचपला असता एखादी ताठर गाठ बोटास लागते व ती दाबताच कळ उठते. परंतु रक्त तपासून किंवा क्ष-किरणांचे चित्र काढून पुष्कळदा दोष दिसत नाही, आणि मग मजुरावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे, हे दाखविण्याकरिता आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शेताच्या एका कोपऱ्यात पीक पिवळे पडले, तर नमुना त्या कोपऱ्यातील मातीचाच घ्यावा लागतो. सबंध शेताच्या मिश्र मातीत तेथील दोष उमगत नाही. दंडातून काढलेले रक्तही असेच सर्व शरीराचे मिश्रण होय. सबब अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. जय शहा व त्यांचे सहकारी यांनी एक अत्यंत बारीक सुई योजिली. तिच्या टोकाशी सूक्ष्म पडदा असतो. एका नळीने द्रव आत सोडतात. स्नायूतील द्रव्ये पडद्यातून झिरपून त्यात मिसळतात व दुसऱ्या नळीने बाहेर येतात.

या परीक्षेचा वृत्तान्त 2005 साली प्रसिद्ध झाला. नऊ माणसे घेतली होती: तिघांस गाठ व दुखणे दोन्ही, तिघांस गाठ पण दुखणे नाही, आणि तिघांस दोन्ही नाहीत. पहिल्या तिघांच्या खांद्याच्या स्नायूत आम्लता अधिक आढळली. तसेच ब्रॅडिकिनिन, सबस्टन्स पी, सेरोटोनिन इत्यादी द्रव्येही वाढलेली होती. ही द्रव्ये मज्जातंतूंची टोके हळवी करितात. 2008 सालच्या पुढील परीक्षेत दुखणेकऱ्यांच्या पोटरीतही, जेथे दुखत नव्हते तेथे, त्यांचे प्रमाण इतरांहून अधिक निघाले.

तथापि तपासलेली माणसे थोडी होती. ही द्रव्ये दुखण्याचे मूळ की परिणाम, याचा निर्णय एवढ्यावरून होत नाही. म्हणून या शोधाच्या नावे कोणी रामबाण औषध विकू लागल्यास वाचकांनी फसू नये. ओझ्याचा खांदा आलटून-पालटून घ्यावा, मधून मधून विसावा द्यावा. हातास मुंग्या येत असल्यास किंवा जोर कमी झाल्यास विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. आणि तपासणीच्या कागदावर काही उमटले नाही, एवढ्यावरून कोणाच्याही दुखण्यास सोंग म्हणू नये, अशी आमची सर्व बागाईतदार बंधूंस विनंती आहे.