घासून न जाणारी कल्हई

पितळी भांड्याची कल्हई खरवडली की आतले पितळ उघडे पडते, कारण ती वरून चढवलेली असते. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंतर्भागातून वीज वाहू नये, पृष्ठभागावरून मात्र वाहावी, असा त्याचा स्वभाव. आणि स्फटिक चिरला तरी नव्याने उघडा पडलेला पृष्ठभागही वाहकच निघतो. अशा पदार्थांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

याचे कारण पदार्थाच्या पोटात आहे. निरोधकात इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जापट्टा आणि वरचा रिकामा पट्टा यांच्यात फट असते. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ती सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. बिस्मथचा अणू जड असल्याने इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची गती यांचे नाते प्रबळ होते व त्या दोन पट्ट्यांचा क्रम उलटा होतो. स्फटिकाबाहेर क्रम सुलटा असतो. उलटा क्रम सुलट्याला जेथे भेटतो, तेथे फट मिटावीच लागते. ती जागा म्हणजे पृष्ठभाग.

केन आणि मेले यांनी २००५ मध्ये द्विमितीय पदार्थासाठी ही कल्पना मांडली. २००७ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात तिचा पुरावा मिळाला. २००९ मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाने बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांचे ऊर्जाचित्र प्रकाशाच्या साहाय्याने टिपले.

या इलेक्ट्रॉनांचा स्पिन त्यांच्या दिशेशी जखडलेला असतो. इलेक्ट्रॉनाला थेट मागे फिरायचे तर स्पिनही पूर्ण उलटावा लागतो, आणि साध्या, अचुंबकीय अशुद्धीला ते जमत नाही. म्हणून थेट माघार बंद. येथेच एक गैरसमज पसरतो, की हा प्रवाह विनारोध वाहतो. तसे नाही. पृष्ठभागावर तिरपे वळण्यास मनाई नसते, त्यामुळे रोध उरतोच. द्विमितीय पदार्थाच्या कडेवर पुढे आणि मागे एवढ्याच दोन दिशा असल्याने तेथे संरक्षण अधिक पक्के असते. चुंबकीय अशुद्धी मात्र दोन्हीकडे ते मोडू शकते.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. स्फटिक वाढवताना सेलेनियमच्या काही जागा रिकाम्या राहतात. त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन अंतर्भागालाही वाहक करतात आणि पृष्ठभागाचा प्रवाह त्या गर्दीत झाकून जातो. म्हणून संशोधक टेल्युरियम, अँटिमनी मिसळून अंतर्भागाचा रोध वाढवतात, किंवा पृष्ठभागाचा वाटा वाढावा म्हणून अतिशय पातळ थर वापरतात. या पदार्थांपासून नवी उपकरणे घडतील, असे पुष्कळदा ऐकू येते. त्याआधी आतला भाग खरोखर निरोधक करावा लागतो, आणि बरीच मेहनत अजून तेथेच खर्च होते.