हरकत घेतली तिथे कायदा वळला

राजूर कॉलरीच्या माणसाला मालकीचा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. पायाखाली कोळसा, शेजारी चुनखडी आणि चुन्याच्या भट्ट्या. जमीन वडिलोपार्जित असली तरी तिच्या पोटातले धन कुणाचे हे सरकारी कागद ठरवतो, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स आली. जमिनीचा मोबदला किती, नोकरी कुणाला, धुळीचा त्रास कुणी निस्तरायचा, यावर वणी परिसरात वर्षानुवर्षे निवेदने दिली गेली आणि मोर्चे निघाले.

गेल्या पंचवीस वर्षांत याच घरांत आधी संगणक आला, मग मोबाइल. त्याच्या मालकीबद्दल मात्र आपण फार थोडे बोललो. यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम कुणाची, सॉफ्टवेअरमागच्या कल्पनेवर कुणाचा हक्क, आणि पडद्यावर दिसणाऱ्या जाहिरातीचा पैसा कुणाकडे जातो, हे तीन प्रश्न या काळात तीन निरनिराळ्या ठिकाणी सुटले किंवा अडले. मागे वळून पाहताना मला त्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे कुणीतरी वेळेवर हरकत घेतली तिथे नियम लोकांच्या बाजूने वळला, आणि जिथे आपण गप्प राहिलो तिथे दुसऱ्याने ठरवलेले मुकाट्याने स्वीकारले.

विंडोज म्हणजेच संगणक

२००१ हे आपल्याकडच्या या कथेचे पहिले वर्ष मानता येईल. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पुढे तालुक्यातालुक्यात पोचला. त्याच वर्षी विंडोज एक्सपी बाजारात आली. सरकारी नोकरीला एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लागू लागले तशी राजूरची मुले-मुली वणीच्या क्लासला जाऊ लागली. माउस हातात धरण्यापासून सुरुवात करणाऱ्या लाखो मराठी मुलांना या अभ्यासक्रमाने संगणकाची भीती सोडायला शिकवले. हे मोठे काम होते, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्याबरोबर एक समजूतही पक्की झाली, की संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र लिहिणे म्हणजे वर्ड. दुसरे काही असू शकते हे सांगणारा धडा बहुतेकांच्या वाट्याला आला नाही. घरातला असेम्बल केलेला संगणक दुकानदार विंडोज ‘टाकून’ द्यायचा. तिचा परवाना कुठे आहे, हे कुणी विचारायचे नाही.

मराठीची अडचण वेगळी होती. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोलाचे काम केले होते. तरीही झेरॉक्सच्या दुकानापासून तहसील कचेरीपर्यंत कुठे कृतिदेव, कुठे श्रीलिपी, कुठे शिवाजी असे निरनिराळे फॉन्ट चालायचे. एका संगणकावर टंकलेला अर्ज दुसऱ्यावर उघडला की अक्षरांचा चिवडा व्हायचा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती. एक्सपीत युनिकोड मराठी लिहिता येत होते, पण त्यासाठी सेटिंगमध्ये शिरून भारतीय भाषांचा पर्याय चालू करावा लागे आणि अनेकदा मूळ सीडी घालावी लागे. अनेकांपर्यंत ही माहिती पोचायलाच कित्येक वर्षे गेली.

याच काळात महाराष्ट्रातच दुसरी वाट तयार होत होती. मुंबईत इंडलिनक्स या स्वयंसेवी गटाने लिनक्स ही मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी, ऑपरेटिंग सिस्टिम भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याने खुले केले, आणि त्यांची पुढची देखभाल तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. मराठी स्वयंसेवकांनी मेनू, सूचना, चुकांचे संदेश असे हजारो शब्दप्रयोग मराठीत आणले. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बॉस ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली आणली. केरळने शाळांतला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र शाळा, क्लास आणि कचेऱ्या यांची सवय मोडली नाही, कारण ती मोडावी असा आग्रह पालकांनी धरला नाही, शिक्षकांनी धरला नाही आणि आम्ही लिहिणाऱ्यांनीही धरला नाही.

एकाच कंपनीच्या प्रणालीवर सगळ्यांनी विसंबण्याची किंमत पुढे कळली. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, तरी आपल्याकडे ती अनेक ठिकाणी चालूच राहिली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या हे विंडोजमधल्या एकाच दोषाचा फायदा घेणारे हल्ले जगभर पसरले. नॉटपेट्याने न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चीही देखभाल थांबली. चांगला चालणारा संगणक केवळ कंपनीने हात काढून घेतला म्हणून अडगळीत टाकायचा, हे मला पटत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. ग्रामीण शाळेच्या संगणक खोलीसाठी आज त्याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

कल्पनेला कुंपण

पेटंटचा प्रश्न राजूरला फार दूरचा वाटेल, पण त्याचा फटका इथेही बसला. सॉफ्टवेअरला कॉपीराइट असतो, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा उचलता येत नाही. त्याला कुणाची हरकत नसावी. पेटंट त्यापुढे जाते. कल्पनेवरच पेटंट असेल, तर वणीतल्या एखाद्या मुलीने कुणाचेही न पाहता, स्वतःच्या डोक्याने तोच मार्ग शोधून स्वतःचा प्रोग्राम लिहिला तरी ती दोषी ठरते, आणि हे बंधन २० वर्षे टिकते. अमेरिकेत १९९९ मध्ये ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले, ते २०१७ पर्यंत चालले. एमपीथ्री गाण्यांच्या तंत्रावर अशीच पेटंटे होती. म्हणून रेड हॅटच्या आधाराने चालणाऱ्या फेडोरा लिनक्समध्ये २०१६ पर्यंत एमपीथ्री वाजवण्याची सोय मुळातून देता येत नव्हती. ज्या काळात गावोगावी मेमरी कार्डात एमपीथ्री गाणी भरून मिळत होती, त्याच काळात कुणी उत्साहाने फेडोरा टाकून पाहिले आणि गाणेच वाजले नाही, तर तो परत विंडोजकडे वळणार हे उघड होते. पेटंटने पर्यायाचा रस्ता अडवला तो असा.

भारताने मात्र इथे शहाणपण दाखवले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून घडलेला १९७० चा पेटंट कायदा मुळातच लोकहिताकडे पाहणारा होता. २००२ च्या दुरुस्तीने, जी मे २००३ पासून लागू झाली, त्यात कलम ३(के) आले. गणिती पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना शोध मानायचे नाही, असे ते सांगते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने या कलमाला भगदाड पाडले. उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड दाखवली की प्रोग्रामलाही पेटंट मिळण्याची वाट त्याने उघडली. मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते, शास्त्रज्ञ आणि डावे पक्ष यांनी कडाडून विरोध केला. मार्च २००५ मध्ये संसदेने पेटंट कायद्याची दुरुस्ती मंजूर केली तेव्हा ती तरतूद वगळली गेली होती. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

त्यानंतरची लढाई संसदेत झाली नाही, मार्गदर्शक सूचनांच्या कागदांत झाली. पेटंट महानियंत्रकांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. तिथून ऑगस्ट २०१५ मध्ये निघालेल्या सूचना सॉफ्टवेअर पेटंटांना मोकळे रान देणाऱ्या होत्या. छोट्या कंपन्या आणि कार्यकर्ते यांनी हरकती घेतल्यावर डिसेंबरमध्ये त्या स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक सूचना आल्या, जून २०१७ मध्ये त्या पुन्हा सैल झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की तांत्रिक परिणाम घडवणारा शोध केवळ संगणक प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये आणखी एक मसुदा हरकतींसाठी खुला झाला. कलम जागेवर आहे, पण त्याची धार अर्थ लावण्यातून बोथट होत चालली आहे. मला याची काळजी वाटते, कारण अशा मसुद्यांवर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत, वृत्तपत्रांत चर्चा झालेली मला दिसली नाही.

मोफत मिळाले त्याची किंमत

तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंच्या पोटातूनच निघाला. विंडोज विकत मिळायची. गूगलने २००० मध्ये शोधाच्या शेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली, २००५ मध्ये अँड्रॉइड ही कंपनी घेतली आणि २००८ पासून ती प्रणाली फोन बनवणाऱ्यांना फुकट देऊ केली. ऑपरेटिंग सिस्टिमचा खर्च आता जाहिरातीतून निघणार होता. आपण काय शोधतो, कुठे जातो, किती वेळ थांबतो, हेच भांडवल ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात संगणक कधी आला नव्हता त्या घरातही अँड्रॉइड फोन आला. खाणीतल्या पाळीवरून परतलेला कामगार, शेतमजूर बाई, शाळकरी पोर, सगळे एकाच वेळी या बाजारात ओढले गेले.

त्याआधीच एक मोठी लढाई लोकांनी जिंकली होती. फेसबुकने फ्री बेसिक्स नावाने काही निवडक संकेतस्थळेच मोफत देण्याची योजना आणली होती. गरिबांसाठी इंटरनेट, असे तिचे गोंडस रूप होते. प्रत्यक्षात गरिबाने काय पाहायचे ते एक कंपनी ठरवणार होती. इंटरनेट सर्वांना सारखेच खुले राहावे यासाठी २०१५ मध्येच दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, दहा लाखांहून अधिक ईमेल गेले होते. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने डेटाचे असे भेदभावी दर बंद केले. पुढे राजूरच्या फोनवर जे इंटरनेट आले ते पूर्ण इंटरनेट होते, याचे श्रेय या हरकतींना आहे.

अँड्रॉइडच्या बाबतीतही तक्रार झाली तेव्हाच चौकशी झाली. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने फोनमध्ये स्वतःची ॲप आधीच भरण्याची सक्ती केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. २०२३ च्या सुरुवातीला गूगलने भारतात फोन घेणाऱ्याला शोधयंत्र निवडण्याची मुभा देण्याचे जाहीर केले. अमेरिकेतही एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने जाहिरात-तंत्राच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला.

जाहिरातीच्या पैशाबाबत मात्र आपण मागेच राहिलो. पूर्वी सराफ, कृषी केंद्र किंवा कोचिंग क्लास यांची जाहिरात स्थानिक साप्ताहिकात किंवा जिल्हा आवृत्तीत यायची. त्या पैशातून बातमीदाराचा पगार निघायचा आणि तोच बातमीदार खाणीच्या धुळीवर लिहायचा. आता ती जाहिरात फोनवर येते, पैसा मात्र प्लॅटफॉर्मकडे जातो. गूगलच्या जाहिरात सेवेत हिंदीला २०१४ च्या अखेरीस स्थान मिळाले, मराठीला त्यानंतरही काही वर्षे ताटकळावे लागले. तोवर मराठीत मेहनतीने लिहिणाऱ्या संकेतस्थळांना या मार्गाने पैसे मिळवणे दुरापास्त होते. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर जून २०१६ पासून भारताने ६ टक्के समानीकरण कर लावला होता, तो १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. ज्या करातून स्थानिक पत्रकारितेला हातभार लावण्याची मागणी करता आली असती, तो आला कधी आणि गेला कधी हे गावाला कळलेच नाही.

त्यापेक्षा जास्त सल माझ्या मनात आहे तो जाहिरातींच्या मजकुराचा. कापसाचे पैसे अडकलेल्या माणसाला झटपट कर्जाची ॲप दिसत राहिली, बेरोजगार तरुणाला पैसे लावण्याचे खेळ दिसत राहिले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. दोन्ही पावले योग्य आहेत. पण तोवर बरीच घरे पोळली होती.

पुढे काय मागायचे

या पंचवीस वर्षांकडे पाहून मी निराश नाही. २००५ मध्ये वाचलेले कलम ३(के), २०१६ चा ट्रायचा आदेश, २०२२ चा स्पर्धा आयोगाचा निकाल, या तिन्हींमागे लोकांनी लिहिलेली पत्रे, दाखल केलेल्या तक्रारी आणि विचारलेले प्रश्न आहेत. तंत्रज्ञानाच्या बाबतीत सामान्य माणसाच्या हातात काही नसते, हे म्हणणे या इतिहासाने खोटे ठरवले आहे.

म्हणून मागण्याही ठोस असाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांत निदान एक संगणक लिनक्सवर चालावा आणि मुलांना दोन्ही वाटा दाखवल्या जाव्यात. संगणक अभ्यासक्रमात पेटंट आणि कॉपीराइट यांतला फरक, आणि जाहिरात आपल्यापर्यंत कशी पोचते, हे शिकवले जावे. सरकारी मसुदे हरकतींसाठी खुले होतात तेव्हा ते मराठीतही मिळावेत, म्हणजे वणीच्या महाविद्यालयातल्या मुलांनाही आपले म्हणणे मांडता येईल. डिजिटल जाहिरातींवर पुन्हा कर लावावा आणि त्यातला वाटा स्थानिक वृत्तपत्रांना मिळावा, ही मागणी उभी करावी. जमिनीचा मोबदला निवेदनांवर आणि मोर्चांवर वाढवून घेणाऱ्या या परिसराला निवेदन कसे लिहायचे, हे कुणी शिकवण्याची गरज नाही. पुढचे निवेदन या विषयावर लिहायला हवे.