गर्भपिशवी काढण्याआधी

पाळीत पोट दुखायचंच, लग्न झालं की थांबेल, पहिलं मूल झालं की थांबेल. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला-जैनथच्या मराठी घरांत काय नि पलीकडे यवतमाळात काय, मुलींची समजूत अशीच घातली जाते. काहींचं दुखणं मात्र थांबत नाही. शौचाला बसताना कळ येते, संबंधाच्या वेळी वेदना होतात, मूल राहत नाही. यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे आणि त्याचं निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. इतकी वर्षं सोसलेल्या बाईला कोणी म्हटलं, ‘दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू, छोटे छेद, लवकर घरी’, तर ती लगेच हो म्हणते. तिला दोष देता येणार नाही. पण हो म्हणण्याआधी तिला एक गोष्ट कुणीतरी नीट सांगायला हवी : हा आजार मुळात पिशवीच्या बाहेरचा आहे.

गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं आणि पाळीतून पडून जातं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या अस्तरासारखी ऊती भलत्याच जागी वाढते : बीजांडकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तिला पोसतं. तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुनं रक्त साचून गाठ झाली की डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं, असं अमेरिकेतले जॉन सॅम्पसन यांनी १९२७मध्ये मांडलं. पण असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो, आजार मात्र काहींनाच जडतो. म्हणून आता अनुवंश आणि प्रतिकारशक्तीकडे लक्ष गेलं आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनेही भारतीय रुग्णांची लक्षणं आणि जनुकं यांचा अभ्यास हाती घेतला आहे.

मग पिशवी काढून उपयोग काय? काही जणींना खरोखरच होतो. मुलं झालेली आहेत, डायनोजेस्टसारख्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं वापरून झाली, तरी दुखणं हटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या भिंतीतही तीच ऊती शिरून रक्तस्राव वाढलेला आहे. अशा वेळी ही शस्त्रक्रिया मोठा आराम देते. मात्र पोटातले बाकीचे चट्टेही त्याच वेळी काढले पाहिजेत. नुसती पिशवी काढून चट्टे तसेच ठेवले, तर दुखण्याचं मूळ आतच राहतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की या शस्त्रक्रियेने आजार पूर्ण बरा होईलच असं नाही, आणि हे रुग्णाला आधी सांगितलं पाहिजे.

बीजांडकोशांचा प्रश्न आणखी अवघड आहे. अमेरिकेत १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३८ रुग्णांच्या एका अभ्यासात, पिशवी काढली पण बीजांडकोश ठेवले अशा स्त्रियांपैकी ६२ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला. दोन्ही काढलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. आकडा पाहून काढून टाकणंच बरं असं वाटेल. पण पस्तिशीत बीजांडकोश गेले की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला ठिसूळ हाडं परवडत नाहीत. माझ्या मते तरुण वयात निरोगी बीजांडकोश शक्यतो राखावेत.

दुर्बिणीतून गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरी राइख यांनी १९८८मध्ये अमेरिकेत केली. बेंबीजवळच्या छेदातून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, कॅमेरा आत जातो, बाकीच्या बारीक छेदांतून हत्यारं. सुटं केलेलं गर्भाशय बहुतेकदा योनीमार्गातून बाहेर काढतात. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा यात वेदना कमी होतात आणि बाई लवकर उठते. खरं कसब मूत्रवाहिनी सांभाळण्यात आहे. ही लघवीची नळी गर्भाशयाच्या रोहिणीखालून, पुलाखालून पाणी जावं तशी जाते, आणि गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असते. व्रणांनी ती आणखी जवळ ओढलेली असते. आधी ती शोधून, सोडवून बाजूला घ्यायची, मगच रोहिणी बंद करायची. म्हणून आजार आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत पसरला असेल, तर आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे सर्जनही सोबत असतील असं रुग्णालय निवडा. त्यासाठी आदिलाबादहून नागपूरला किंवा हैदराबादला जावं लागलं तरी जावं.

हे सगळं इथे आवर्जून सांगायचं कारण आकड्यांत आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशय काढलेल्या देशात ३.२ टक्के होत्या, तेलंगणात ७.७ टक्के. गर्भाशय काढून टाकलेल्या बीडच्या ऊसतोड कामगार बायांची कहाणी महाराष्ट्राने २०१९मध्ये ऐकलीच आहे. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला. छेद बारीक झाला म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ झालेली नाही.

तेव्हा बायांनो, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये नेमकं काय दिसलं ते विचारा. गोळ्या देऊन पाहिल्या का, चट्टे काढणार का, हे विचारा. संमतीचा कागद तेलुगूत किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. ऑपरेशननंतर बायोप्सीचा रिपोर्ट घरी जपून ठेवा. आणि बीजांडकोश ठेवणार की काढणार हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.