विश्लेषण : प्रतिपालक घर सुटले, तर मुलाला कसे सावरावे?

दत्तक घेतलेले मूल कायमचे घरचे होते. प्रतिपालकत्व, म्हणजेच फोस्टर केअर, ही मात्र ठरावीक काळाची व्यवस्था. आई-वडील सांभाळू शकत नसलेल्या मुलाला संस्थेऐवजी कुटुंब मिळावे, हा तिचा हेतू. पण कधी कधी हे घरही मध्येच सुटते. एकदा घर गमावलेल्या मुलासाठी हा दुसरा आघात असतो.

कायदा काय सांगतो?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती मुलाला प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवते. समितीने या कुटुंबाची दरमहा पाहणी करायची असते. देखभालीत उणीव आढळल्यास मुलाला दुसऱ्या कुटुंबात हलवता येते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असेही कायदा सांगतो. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होता येते.

घर का सुटते?

आजारपण, बदली किंवा घरातली अडचण ही कारणे असतातच. अनेकदा मात्र मुलाचे वागणे समजून घेतले जात नाही. उपासमार सोसलेले मूल डब्यातली पोळी उशीखाली लपवते. मार खाल्लेले मूल हात उचललेला दिसताच दचकते. काही मुले मुद्दाम वाद ओढवून घेतात. ‘हेही मला सोडतील का’, याची ती परीक्षा असते. घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो.

निरोप कसा द्यावा?

मूल शाळेत असताना सामान भरून ठेवणे, ‘फिरायला जाऊ’ सांगून संस्थेत सोडणे यांसारखी फसवणूक सर्वांत घातक. त्यानंतर मूल कोणत्याच मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. शक्य तितके आधी, सोप्या शब्दांत खरे कारण सांगावे. ‘यात तुझी काही चूक नाही,’ हे एकदा नव्हे, अनेकदा सांगावे. कारण मुले दोष स्वतःकडेच घेतात. सामान कचऱ्याच्या पिशवीत नव्हे, चांगल्या बॅगेत द्यावे. फोटो, आवडती चादर, वह्या सोबत द्याव्यात. सुरक्षित असेल तर जुन्या घराशी फोनवर बोलणे चालू ठेवावे.

पुढे काय?

नव्या ठिकाणी लगेच ‘आई-बाबा म्हण’ असा आग्रह नको. जेवण, झोप, शाळेच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. जमल्यास शाळा आणि समाजसेवक बदलू नयेत; त्या पडझडीत तेवढेच ओळखीचे उरलेले असते. मूल गप्प आहे म्हणजे रुळले, असे समजू नये. झोप उडणे, अंथरूण ओले होणे, अभ्यासातून मन उडणे लांबले, तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

मदत कोणाला हवी?

मुलाइतकीच प्रतिपालकांनाही. ‘आता झेपत नाही’ असे वाटू लागताच त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलावे. त्या वेळी मिळालेल्या आधाराने घर टिकू शकते. ते टिकले नाही, तरी निदान निरोपाची तयारी करायला वेळ मिळतो. मुलाला तातडीचा धोका असेल, तर १०९८ ही हेल्पलाइन आहे.