टक्का मान्य नसेल तर?

लेखमाला ‘दाखला ते लाभ’ : लेखांक पाचवा

मागच्या लेखात आपण दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरून जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे सिव्हिलच्या, तपासणीपर्यंत पोहोचलो होतो. तपासणी झाली, वैद्यकीय बोर्डाने दिव्यांगत्वाचे टक्के घातले, आणि ते मान्य नाहीत. मग पुढे काय, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न दोघांना पडतो. ज्याला कमी टक्के मिळाले त्याला पडतो, आणि एखाद्याला जास्त मिळाले असा संशय असलेल्या सरकारी खात्यालाही पडतो. आपल्या नगर जिल्ह्यात अलीकडे बोलले गेले ते दुसऱ्याबद्दलच. पहिला मात्र टक्के कमी आले म्हणून गप्प घरी गेला.

२०२४ च्या जुलैत प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांचे प्रकरण देशभर गाजले आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयाचे नाव रोज बातम्यांत येऊ लागले. दृष्टिदोष आणि मानसिक आजार यांची त्यांची प्रमाणपत्रे इथली होती. २०२२ मध्ये पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मारक रुग्णालयाने त्यांना गुडघ्यासाठी ७ टक्क्यांचे प्रमाणपत्र दिले होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन दिला. खरे-खोटे न्यायालय ठरवेल.

आपल्या विषयासाठी त्या प्रकरणातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिच्यावर फार कमी लिहिले गेले. जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता दिल्लीच्या एम्समध्ये पुन्हा तपासणी करायची, अशी सोय निवड प्रक्रियेत आधीपासून होती. खेडकर यांना २०२२ मध्ये अनेकदा बोलावण्यात आले. ती तपासणी पुरी झाली नाही. तरीही नियुक्ती झाली. दुसरे मत मागवायचे, आणि ते हाती येण्याआधीच निर्णय घ्यायचा, असे घडले. नियमांची कमतरता तिथे नव्हती. नियमाने मागितलेल्या उत्तराची वाट कोणी पाहिली नाही.

त्यानंतर प्रमाणपत्रांच्या पडताळणीला जोर आला. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने २०२५ मध्ये सरकारी आणि निमसरकारी सेवेतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे तपासून घ्यायला सांगितले. खोटे प्रमाणपत्र वापरून लाभ घेणाऱ्याला दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे व्हायलाच हवे. खोट्या दाखल्यावर घेतलेली प्रत्येक जागा कुणा खऱ्या दिव्यांगाची असते. पण पोलिओने पाय गेलेल्या माणसाला वयाच्या पन्नाशीत पुन्हा रांगेत उभे करून ‘सिद्ध करा’ म्हणताना, त्याच्या शेजारच्या माणसाला ‘तुमचा टक्का कमी लागला असेल तर तुम्हीही फेरतपासणी मागू शकता’ एवढे तरी सांगायला हवे होते. फेरतपासणी फक्त संशयितांसाठी असते, असा समज लोकांत पसरला आहे. कायद्यात तसे नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ५९ साधे आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय ज्याला मान्य नाही, त्याला अपील करता येते. अपील कोणाकडे, किती दिवसांत आणि कसे, हे राज्य सरकारने ठरवायचे. ऐकून घेऊन निर्णय देणे हे अपिलीय अधिकाऱ्याचे काम. २०१७ च्या नियमांत नमुना आठ आहे. प्रमाणपत्र नाकारले तर कारण लिहून हा नमुना अर्जदाराला द्यावा लागतो, आणि निर्णय मान्य नसल्यास कोणाकडे दाद मागायची ते भरण्यासाठी त्यात मोकळी जागा ठेवलेली आहे.

खरी अडचण इथेच आहे. नमुना आठ मिळतो तो प्रमाणपत्र साफ नाकारले तर. ज्याला ३४ टक्के मिळाले त्याला नकार मिळत नाही, प्रमाणपत्र मिळते. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे ४० टक्क्यांखाली पांढरे कार्ड, ४० ते ७९ पिवळे आणि ८० पासून निळे. पांढरे कार्ड हातात पडले की माणसाला वाटते, काम झाले. तहसीलला गेल्यावर कळते की या कार्डावर काही मिळत नाही. आणि प्रमाणपत्राच्या कागदावर अपिलाची ती ओळ कुठेच नसते. कलम ५९ त्यालाही लागू आहे, कारण ३४ हा आकडासुद्धा निर्णयच आहे. हे त्याला सांगणारे मात्र कोणी नसते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट हीच आहे आणि ती बुजवायला नवा कायदा लागत नाही. प्रमाणपत्राच्या खाली दोन ओळी छापल्या की झाले.

चाळिसाच्या रेषेवर किती अवलंबून आहे ते आधीच्या लेखांत आले आहे, म्हणून थोडक्यात. कायद्यातले ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ४० टक्क्यांपासून सुरू होते. नोकरीतले ४ टक्के आरक्षण, एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलत आणि संजय गांधी निराधार अनुदान, सगळे तिथूनच. संजय गांधी योजनेत दिव्यांगांचे मानधन ऑक्टोबर २०२५ पासून महिना अडीच हजार झाले आहे. एसटीत सोबत्याला सवलत हवी तर ६५ टक्के लागतात. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८०. म्हणजे ३९ आणि ४० मधल्या एका टक्क्याची किंमत वर्षाला तीस हजार रुपये होऊ शकते, आणि अर्जदाराचे घर बहुधा असे असते की ज्याचे वर्षाचे उत्पन्नच पन्नास हजारांच्या आत आहे.

हा टक्का येतो कुठून? डॉक्टरांच्या मर्जीतून नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. हातापायांसाठी सांधा किती अंश वळतो आणि स्नायूत किती जोर आहे ते मोजतात. कानांसाठी आवाजाच्या पातळ्या, डोळ्यांसाठी तक्ता. दोन दोष असतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा धरायचा, लहान आकड्याला नव्वदमधून मोठा वजा करून आलेल्या संख्येने गुणायचे, नव्वदने भागायचे आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. एका दोषाचे ३० आणि दुसऱ्याचे २० असतील तर पन्नास होत नाहीत, साधारण ४३ होतात. ‘तीस आणि वीस लिहिलेत, मग पन्नास का नाही?’ अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात बोर्डाची चूक नसते.

म्हणून अपिलाचा विचार करण्याआधी हे तपासावे, की आपले भांडण मोजणीशी आहे की नियमाशी. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत, तर तक्त्याप्रमाणे ३० टक्केच मिळतात. एका डोळ्याने ड्रायव्हरकी गेलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटते, मलाही वाटते. पण इथे दुसरा, तिसरा, दहावा डॉक्टरही ३०च लिहील. तो तक्ता बदलायची मागणी सरकारकडे करावी लागेल. उलट, मळणी यंत्रात हात सापडून मनगट अडकलेल्या शेतमजुराचा सांधा घाईत मोजला गेला, किंवा खांद्यालाही इजा असताना फक्त मनगटच नोंदले, तर ती मोजणीची चूक आहे. तिथे दुसरे मत निकाल फिरवू शकते. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांत तर हे जास्तच घडते. तिथे माणूस घरात कसा वागतो, स्वतःचे स्वतः काय करू शकतो, हे नातेवाइकांच्या सांगण्यावरून ठरते, आणि गर्दीच्या दिवशी ते नीट ऐकून घ्यायला वेळ पुरत नाही.

दुसरे मत स्वतंत्र कधी म्हणायचे? त्याच बोर्डाकडे त्याच डॉक्टरांसमोर पुन्हा उभे केले तर ती फेरतपासणी नव्हे. पहिला आकडा समोर ठेवून दिलेले मत सहसा त्याच आकड्याच्या आसपास फिरते. तपासणारा वेगळा हवा, त्याने आधी स्वतः मोजावे आणि मग पहिली नोंद पाहावी, आणि फरक आला तर का आला ते लिहावे. हे लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. कारण नसलेला टक्का कोणालाच तपासता येत नाही, न्यायालयालाही नाही.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १५ ऑक्टोबर २०२४ चा एक निकाल आहे आणि तो महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याचा आहे. त्याला वाचादोष होता आणि टक्के चाळिसाच्या वर भरले, म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवले गेले. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे मंडळ नेमून त्याला पुन्हा तपासायला लावले. हा दोष शिक्षणाच्या आड येणार नाही, असे त्या मंडळाने सांगितले आणि प्रवेश मिळाला. न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने पुढे दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मंडळाने नुसता आकडा न देता कारणे द्यावीत. आणि अपिलीय यंत्रणा उभी राहीपर्यंत न्यायालयात दाद मागता येईल, तेव्हा न्यायालयाने प्रकरण एखाद्या नामवंत वैद्यकीय संस्थेकडे स्वतंत्र मतासाठी पाठवावे. निकाल वैद्यकीय प्रवेशाबद्दलचा आहे, पण कारणे मागण्याचा त्यातला आग्रह संजय गांधी योजनेच्या अर्जदारालाही उपयोगी पडावा.

बाहेरच्या देशांत हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये दिव्यांग भत्त्याची पहिली तपासणी सरकारने खासगी कंपन्यांना दिली. तिथल्या अपिलीय न्यायाधिकरणात न्यायाधीशाबरोबर एक डॉक्टर आणि दिव्यांगत्वाची जाण असलेली एक व्यक्ती बसते. सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून जास्त वर्षानुवर्षे अर्जदारांच्या बाजूने लागली आहेत. पहिल्या तपासणीत किती निसटते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? जर्मनीच्या सामाजिक न्यायालयांत अर्जदार स्वतः डॉक्टरचे नाव सुचवून त्याचे मत घ्या म्हणू शकतो. त्याचा खर्च मात्र आधी त्यालाच भरावा लागू शकतो, आणि गरिबाचा हक्क तिथे अडतो.

आपल्याकडे तो अंतरावर अडतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगरला यायचे म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि सोबतीला एकाचा रोज बुडतो. पुण्याच्या ससूनला जा म्हटले तर आणखी एक दिवस. राज्यातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाच्या जिल्ह्यात फेरतपासणी एकाच शहरात ठेवली तर ती चौदा तालुक्यांपैकी जवळच्यांनाच मिळेल. लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथल्या तज्ज्ञांना अपिलाच्या तपासणीत अधिकृतपणे घेतले तर उत्तरेकडच्या लोकांचा फेरा निम्म्याने कमी होईल आणि सिव्हिलवरचा भारही.

तोपर्यंत करता येण्यासारखे असे. टक्का पटला नाही तर त्याच आठवड्यात तपासणीच्या नोंदींची प्रत लेखी मागा. रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. नोंदी हातात आल्या की दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि त्यांना टक्का नको, मोजमाप लिहून मागा. कोणता सांधा, किती अंश, किती जोर. खासगी डॉक्टरच्या कागदावर प्रमाणपत्र मिळणार नाही, पण अपिलाला तो कागद पाठबळ देतो. अपिलाच्या अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहू नका. कोणता दोष मोजला गेला नाही किंवा कुठे फरक पडला ते लिहा, दोन्ही मोजमापे जोडा, कलम ५९ चा उल्लेख करा, आणि पहिल्या तपासणीतले डॉक्टर फेरतपासणीत नसावेत अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद लागली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पुढील लेखांक : तात्पुरते प्रमाणपत्र आणि मुदत संपताना थांबणारे मानधन