आमच्या वेटाळांतील मनी

श्रोतेहो, आजचा माझा विषय लहान आहे. सकाळच्या फेरीस निघणारा एक निवृत्त शाळामास्तर आणि त्याला वाटेंत भेटणारी एक मांजरी, एवढाच हा मामला. परंतु या मांजरीनें तीस वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या मास्तरास एक धडा दिला, आणि पुढें एका लहान मुलीच्या जिवाचा प्रश्नही तिच्यामुळेंच उभा राहिला. म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी वाटते.

माझें गांव मालेगांव. यंत्रमागांचें मालेगांव नाशिक जिल्ह्यांत आहे. आमचें तें नव्हे. आमचें वऱ्हाडांतील, वाशिम जिल्ह्यांतील. १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, त्यांतील हा एक तालुका. अकोल्याहून वाशिमास जाणारी सडक आणि नागपूर-मुंबईची जुनी सडक येथें एकमेकींस मिळतात, त्यामुळें मालमोटारींची वर्दळ फार. डॉक्टरांनीं मधुमेहाकरितां रोज अर्धा तास चालावयास सांगितलें, तेव्हां मीं सडक सोडून आमच्या वेटाळांतील गल्ल्यांचीच वाट धरली.

तेथें मनी भेटली. पांढऱ्या अंगावर काळे व पिंगट ठिपके असलेली. ती कोणाची म्हणून विचारलें तर चार घरें ‘आमची’ म्हणतात. भांडें लवंडलें कीं तींच चार घरें ‘तुमची’ म्हणतात. रोज झुंजुमुंजू झालें कीं ती एका घराच्या भिंतीवरून उतरावयाची, गल्ली ओलांडावयाची आणि समोरच्या टिनाच्या छपरावर चढावयाची. माझी फेरी आणि तिची फेरी यांची गांठ नेमकी तेथें पडे.

एके दिवशीं मला डोळे तपासण्यासाठीं अकोल्यास जावयाचें होतें. पहांटे पिशवी घेऊन निघालों तों मनी आडवी गेली. शेजारच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गुर्जी, मांजर आडवी गेली ना! घडीभर बसून जा बाप्पा.” आतां खरें सांगतों. शकुन-अपशकुन खोटे असतात असें मीं किती वर्गांस शिकविलें असेल याची गणती नाहीं. तरी त्या दिवशीं माझे पाय थांबले. घरांत आलों, पाणी प्यालों, थोडा बसलों, आणि थांब्यावर पोंचलों तेव्हां एस. टी. निघून गेली होती. परत आलेला पाहून काकू म्हणाल्या, “पाहा गुर्जी, म्हटलं होतं ना!”

श्रोतेहो, हा प्रसंग नीट उलगडून पाहावा. गाडी कशानें चुकली? मी थांबलों म्हणून. मी थांबलों नसतों तर गाडी मिळाली असती आणि अपशकुन आपोआप खोटा ठरला असता. म्हणजे अपशकुन मांजरीनें आणला नाहीं. तो मीं स्वतः घडविला आणि त्याचें खापर तिच्या माथीं फोडलें. यांत दुसरी एक गोम आहे. मांजर आडवें गेलें आणि काम बिघडलें, तर तें आपण जन्मभर सांगतों. मांजर आडवें गेलें आणि काम सुरळीत झालें, तर तें संध्याकाळपर्यंतही लक्षांत राहत नाहीं. मीं एक वही केली व तींत दोन रकाने पाडले: मनी आडवी गेली तो दिवस कसा गेला, आणि न गेली तो कसा गेला. महिन्याअखेर दोन्ही रकाने सारखेच दिसले. ज्यांस माझें म्हणणें पटत नसेल त्यांनीं अशी वही अवश्य करावी.

मग मांजर आपल्यालाच नेमकें आडवें कां येतें? याचें उत्तर तिच्या दिनचर्येंत आहे. मांजर मुख्यतः पहांटे व तिन्हीसांजेला शिकारीस निघतें, कारण उंदीर-घुशी त्याच वेळीं हालचाल करतात. त्याच्या डोळ्यांत मागील बाजूस चकाकणारा एक पडदा असतो. त्यामुळें माणसास लागतो त्याच्या सुमारें सहाव्या हिश्श्याएवढ्या उजेडांतही त्याला दिसूं शकतें. चालतांना तें भिंतीच्या कडेनें जातें, आणि उघडी जागा लागली कीं ती झटकन ओलांडतें. आपणही फेरीस, शेतास, गाडीस याच वेळीं निघतों. वाट तिची आडवी, आपली उभी. तेव्हां गांठ पडणारच. तिच्या बाजूनें पाहिलें तर रोज आपणच तिला आडवे जातों!

माणसाशीं तिचा हा शेजार फार जुना आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारीं पुरलेल्या एका मांजराचे अवशेष सांपडले असून ते सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचे आहेत. ही माहिती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं रानटी व पाळीव मिळून ९७९ मांजरांचीं आनुवंशिक लक्षणें ताडून पाहिलीं. त्यावरून आपलीं घरगुती मांजरें आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराचे वंशज ठरलीं. माणूस शेती करूं लागला, धान्य सांठवूं लागला. धान्यामागून उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आलें. बैलास आपण वेसण घातली, घोड्यास लगाम घातला. मांजर मात्र आपण होऊन आलें असावें. ज्या वऱ्हाडांत पेवांत ज्वारी ठेवीत आणि आज घरोघर तूर-सोयाबीनच्या थप्प्या लागतात, त्या मुलखानें तरी मांजरास अशुभ म्हणूं नये.

पुढें मनी माझ्या ओट्यावर येऊं लागली. तिची भाषा समजण्यास फार विद्या लागत नाहीं. शेपूट ताठ उभें करून आली तर तो नमस्कार. पिलें आईकडे तशींच येतात. गाल व अंग आपल्या पायांस घासते, कारण तिच्या गालांत, हनुवटींत व शेपटीच्या मुळाशीं गंधाच्या ग्रंथि असतात; आपला वास लावून ती तुम्हांस ओळखीच्यांत जमा करते. मोठीं मांजरें एकमेकांशीं ‘म्यांव’ क्वचितच करतात. तो शब्द बहुतेक माणसासाठींच राखलेला असतो. तिच्याकडे रोखून पाहूं नये. डोळे हळूच मिटून उघडावे; तीही तसेंच उत्तर देते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं हें प्रयोगानें दाखविलें आहे. पोट दाखवून लोळली तर तो विश्वास समजावा. पोटाला हात लावण्याचें तें आमंत्रण नव्हे.

दुधाविषयींही एक शब्द. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींत पक्की बसली आहे. परंतु पुष्कळशा मोठ्या मांजरांस दुधांतील साखर पचत नाहीं व त्यांस हगवण लागते. गोडाची चव तर त्यांस कळतच नाहीं. वाटीभर स्वच्छ पाणी ठेवावें. तो पाहुणचार पुरेसा आहे.

हें सारें मला अगोदर ठाऊक असतें, तर पुढील प्रसंग टळला असता. काकूंची सहा वर्षांची नात मनीस उचलूं गेली आणि पोट कुरवाळूं लागली. मनी व्यालेली होती. पडक्या गोठ्यांत तिचीं तीन पिलें होतीं. ती मुलीच्या मनगटास चावली. काकू चुना व हळद घेऊन धांवल्या. मीं म्हटलें, “काकू, तें राहूं द्या, आधीं साबण आणा.” जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुतली आणि मुलीस तडक सरकारी दवाखान्यांत नेलें. रेबीज कुत्र्याप्रमाणें मांजराच्या चाव्यानें व ओरखड्यानेंही होऊं शकतो, आणि त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे बहुधा इलाज चालत नाहीं. परंतु वेळेवर घेतलेली लस प्राण वांचविते. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम देवविली, आणि तो वांचला. आमच्या मुलीनेंही डॉक्टरांनीं सांगितलेल्या तारखांस सर्व मात्रा पुऱ्या केल्या. ती आज शाळेंत जाते.

त्या संध्याकाळीं वेटाळांतील मंडळी जमली. मनीस पोत्यांत घालून सडकेपलीकडे सोडावें असें ठरूं लागलें. मीं दोन गोष्टी सांगितल्या. चावलेलें मांजर १० दिवस डोळ्यांसमोर राहणें मुलीच्याच हिताचें असतें; तितके दिवस तें निरोगी राहिलें तर चाव्याच्या वेळीं त्याच्या लाळेंत विष नव्हतें असें समजतात, मात्र त्यासाठीं लस लांबवावयाची नसते. दुसरी गोष्ट अशी कीं, आई गेली तर तीं तीन पिलें उपाशीं मरतील. मंडळी थांबली. मनी दहा दिवस धडधाकट राहिली. मग लोकसमजुतीप्रमाणें सात घरें नव्हेत, पण दोन घरें बदलून तिनें पिलें वाढविलीं. जागा सुरक्षित वाटली नाहीं कीं मांजरी पिलें हालविते. सात घरांच्या समजुतीचें मूळ बहुधा हेंच असावें.

परवां काकू बाजारास निघाल्या, तों मनी आडवी आली. काकू जागच्या जागीं उभ्या राहिल्या. मीं ओट्यावरून विचारलें, “काय काकू, पुन्हां घडीभर बसणार काय?” त्या हंसून म्हणाल्या, “अपशकुनासाठी नाही थांबली बाप्पा. लेकुरवाळी आहे; तिले आधी जाऊ द्या.”