आधी वाचा, मग घाबरा!

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सलग आठ दिवस संगणकाजवळ फिरकले नाहीत. वय ७६, जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या टेबलावर लॅपटॉप आणून ठेवला, तेव्हापासून सकाळचा चहा झाला की त्यांची बैठक त्याच्यासमोर ठरलेली. ती एकाएकी मोडली. विचारले, तर म्हणाले, "डोळे दुखतात रे." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याची भाषा मी काढली, तेव्हा कुठे खरे कारण बाहेर पडले.

"अरे, माझ्या हातून तुझ्या आईच्या ओव्या गेल्या."

या ओव्यांची हकिकत सांगायला हवी. आई सुट्टीत माहेरी गेली, की तिथल्या म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावी आणि वहीत उतरवून घेई. अशा तीनशेवर ओव्या जमल्या. २००४ साली आम्ही त्या डी.टी.पी.च्या दुकानातून टाईप करून आणल्या. पुढे वहीला वाळवी लागली; आणखी काही वर्षांनी आईही गेली. उरली ती एक फाईल. ती अण्णांनी त्या दिवशी उघडली, आणि पाहतात तो काय? पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची खिचडी. आपण काहीतरी भलते दाबले आणि सगळे पुसले गेले, असे त्यांनी मनाशी धरले. आठ दिवस हा अपराध उराशी घेऊन ते घरात वावरत होते, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता!

"मग मला विचारलं का नाही?" मी म्हटले.

"विचारायला गेलो, की तुम्ही म्हणता, 'सरका जरा, मी करतो.' तुमची बोटं भराभर चालतात, मिनिटात काम होतं. मला मात्र काही कळत नाही. मग वाटतं, आपण हात लावतो म्हणूनच बिघडतं."

वाचकहो, हे वाक्य मला फार लागले. विद्यार्थ्याच्या हातची वही ओढून घेऊन त्याचा निबंध आपणच लिहून दिला, तर तो कधीच शिकत नाही, हे वर्गात मी पक्के जाणतो. घरात मात्र मी आणि माझे चिरंजीव, दोघेही अण्णांच्या हातून माऊस हिसकावून घेत होतो. त्या संध्याकाळी मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली, माऊस त्यांच्या हाती दिला आणि स्वतःचे हात मांडीखाली घेतले.

अक्षरे गेली नव्हती

"मजकुरावर क्लिक करा. वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतंय का?"

दिसत होते. अण्णांनी ते एकेक अक्षर लावून वाचले. दुकानदाराने वापरलेल्या जुन्या फॉन्टचे ते नाव होते, आणि तो फॉन्ट या लॅपटॉपवर मुळी नव्हताच.

त्याचे असे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्या काळच्या अनेक डी.टी.पी. फॉन्टांनी मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर असला की मराठी दिसे. नसला की त्याच क्रमांकांची इंग्रजी चिन्हे दिसत. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत मात्र देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत. त्यात 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात तोच आणि लंडनमध्येही तोच. आपल्या मोबाईलवरचे मराठी निरोप असेच जातात, म्हणून ते कुठेही वाचता येतात.

"म्हणजे पुसलं काहीच नाही?" अण्णांनी विचारले.

"काहीच नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग आता पुढं काय करायचं, सांग."

आधी त्यांच्याच हातून फाईलची दुसरी प्रत करवली. मूळ फाईलला धक्का लावायचा नाही. मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे एक साधन वापरून ओव्या पुन्हा मराठीत आणल्या. अर्थात काही ठिकाणी ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसले. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. त्यामुळे या बदलात तिची गल्लत होते. त्या चुका दुरुस्त करायला शिक्षकाची नजर लागते, आणि ती घरात होतीच!

पाच साध्या सवयी

त्यानंतर अण्णांनी एका वहीत पाच नियम लिहून काढले. तेच येथे देतो.

पहिला : पडद्यावर काय लिहिले आहे ते संपूर्ण वाचावे. आपण चौकट दिसली की घाईने ती बंद करतो, आणि मग 'काहीतरी आलं होतं' एवढेच आठवते. निम्मे उत्तर त्या ओळीतच असते. समजले नाही तर मोबाईलने तिचा फोटो काढून ठेवावा. पासवर्ड चुकला असे आले, तर प्रथम कॅप्स लॉक चालू नाही ना, हे पाहावे.

दुसरा : साध्या गोष्टीपासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. प्लग नीट बसला आहे का? प्रिंटरमध्ये कागद आहे का? इंटरनेट फक्त या संगणकावर नाही, की घरातल्या मोबाईलवरही नाही? ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या अजस्र गणकयंत्राचा बिघाड शोधताना एका रिलेत चक्क पतंगाचा किडा अडकलेला सापडला. तेथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. एवढ्या मोठ्या यंत्राचे दुखणे एवढेसे असू शकते!

तिसरा : संगणक अडून बसला, तर बंद करून पुन्हा सुरू करावा. हा काही जादूटोणा नव्हे. काम चालू असताना मजकूर तात्पुरत्या स्मृतीत असतो. तिथे झालेला गोंधळ यंत्र नव्याने सुरू झाले की बहुधा निस्तरतो. साठवलेल्या फाईली डिस्कवर सुखरूप राहतात. जाते ते फक्त न साठवलेले काम. म्हणून लिहिता लिहिता कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबण्याची सवय ठेवावी.

चौथा : चुकलेले पाऊल मागे घेता येते. नको ते खोडले गेले, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. संगणकावरची फाईल टाकून दिली गेली, तर आधी रिसायकल बिनमध्ये पाहावे. पेन ड्राईव्हवरची फाईल मात्र तिथे सहसा सापडत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पाचवा : जे हरवले तर रडू येईल, त्याच्या दोन तरी प्रती हव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात.

यांना मी एक पुरवणी जोडली. 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' अशी ओरडणारी चौकट आली, तर फोन करू नये. ती बहुधा ठगांचीच असते. कुणाच्या सांगण्यावरून काही उतरवून घेऊ नये, ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार करावी. आणि घरात सांगावे! ठगांचे फावते ते आपल्या संकोचामुळे. अण्णा आठ दिवस गप्प बसले, ते याच संकोचापायी.

अलीकडे अण्णा अडले की हाक मारतात. पण "ये, करून दे" असे म्हणत नाहीत. "ये, इथं काय लिहिलंय ते बघू," म्हणतात. चिरंजीवांना मी ताकीद दिली आहे : आजोबांच्या शेजारी बसताना हात खिशात. त्याला ते जड जाते, मलाही जाते, पण जमते.

या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना नवा संगणक किंवा मोबाईल देणार असाल, तर जरूर द्या; पण त्यासोबत तुमचा रोजचा अर्धा तासही द्या, आणि माऊस त्यांच्याच हातात राहू द्या.

ओव्या सगळ्या तपासून झाल्या आहेत. दोन ठिकाणी आईने ऐकून लिहिलेला शब्द शुद्धलेखनाच्या नियमात बसत नव्हता. "तो तसाच असू दे," अण्णा म्हणाले. यंदा भाऊबीजेला मी बहिणीच्या ताटात ओवाळणीबरोबर एक छोटा पेन ड्राईव्ह ठेवणार आहे. दुसरी प्रत दुसऱ्या घरात!